पुनर्वसनाची विद्या : मोजणें आणि ऐकणें



यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागांत झरी जामणी नांवाचा तालुका आहे. त्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली कीं तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. कापसाचीं शेतें, मधून मधून सागाचें रान आणि रानाच्या कडेला कोलामांचे पोड, असा हा मुलूख आहे. पोड म्हणजे कोलामांची लहानशी, मोठ्या गांवापासून अलग असलेली वस्ती. कोलामी, गोंडी, मराठी आणि तेलुगु अशा चार भाषा या बाजूस बोलल्या जातात. अशा एखाद्या पोडावर पुनर्वसनाचें शिक्षण घेतलेला तरुण कार्यकर्ता छापील तक्ता घेऊन जातो. घरांत कोणी अंध, बधिर किंवा हातापायांनीं अधू आहे काय, हें त्याला नोंदवावयाचें असतें. तो काय विचारतो, कोणास विचारतो आणि मिळालेलें उत्तर कसें लिहून आणतो, यावर त्या घरांतील एका माणसाचें दाखल्यापासून शाळेपर्यंत पुष्कळ कांहीं अवलंबून राहतें. हें विचारणें आणि ऐकणें शिकवितां येतें काय, आणि शिकवावयाचें तर कसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ सालीं झाला. अपंगांची सेवा करणाऱ्या व्यावसायिकांचे १६ वर्ग या परिषदेनें मानलेले आहेत. श्रवणशक्ति तपासणारे, वाचादोषांवर उपचार करणारे, विशेष शाळांचे शिक्षक, कृत्रिम अवयव बनविणारे आणि पुनर्वसनाचें काम पाहणारे मानसशास्त्रज्ञ हे त्यांपैकीं कांहीं. यांच्या शिक्षणांत मोजण्याला मोठें स्थान आहे, आणि तें असलेंच पाहिजे. किती डेसिबलचा आवाज कानाला कळतो, कृत्रिम पायाची लांबी किती असावी, मुलाची समज कोणत्या वयाच्या मुलाएवढी आहे, हें अचूक कळल्यावांचून उपचाराचें पहिलें पाऊलही टाकतां येत नाहीं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून अनेक सवलतींसाठीं निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. म्हणजे टक्का हीच त्या माणसाची सरकारदरबारची ओळख होऊन बसते.

परंतु संख्या ही प्रश्नाच्या पोटीं जन्मास येते, ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. हिंदुस्थानांत १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतींत अंध, मूकबधिर, वेडसर आणि कुष्ठरोगी यांची मोजदाद होत असे. १९४१ पासून ती बंद पडली. १९८१ सालीं तीन प्रकारांपुरती ती पुन्हां झाली, १९९१ मध्यें पुन्हां वगळली गेली, २००१ सालीं पांच प्रकार विचारले गेले आणि २०११ सालीं आठ. २००१ च्या जनगणनेनें देशांतील अपंगांची संख्या सुमारें २ कोटी १९ लक्ष सांगितली. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे २००२ सालीं, राष्ट्रीय नमुना पाहणीनें ती सुमारें १ कोटी ८५ लक्ष सांगितली. याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. जनगणनेच्या हिशेबीं अपंगांपैकीं जवळजवळ निम्मे लोक दृष्टिदोषाचे होते, तर नमुना पाहणीच्या हिशेबीं निम्म्याहून अधिक लोक हालचालींच्या दोषाचे होते. एका वर्षांत देशांतील माणसें बदललीं नव्हतीं. बदलली होती ती व्याख्या, आणि दारांत उभ्या असलेल्या माणसानें विचारलेला प्रश्न.

मोजमाप अचूक असून उपाय मात्र चुकावा, असेंही घडतें. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयांतील अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या ध्यानांत आलें कीं, पाय तुटलेल्या खेडुतांस परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बसवून घरीं पाठविलें, तरी ते कांहीं काळानें पुन्हां कुबड्यांवरच येतात. पाय मापानें बरोबर होता. पण त्याला बूट लागत असे, आणि खेडूत अनवाणी चालणारा. तो पाय घालून त्याला उकिडवें बसतां येत नसे, मांडी घालतां येत नसे, चिखलांत उतरतां येत नसे. या अडचणी कोणत्याही तक्त्यांत नव्हत्या. वापरणाऱ्यांचें वागणें पाहून आणि म्हणणें ऐकूनच त्या समजल्या. मग रामचंद्र शर्मा या कुशल कारागिरानें आणि डॉ. सेठी यांनीं १९६८ च्या सुमारास रबराचा जो पाय सिद्ध केला, तोच पुढें जयपूर फूट या नांवानें जगभर गेला.

माणसाचें म्हणणें त्याच्याच शब्दांत ऐकावें, त्याचें जगणें त्याच्याच अंगणांत पहावें, आणि त्या शब्दांचा व दृश्यांचा शिस्तीनें अर्थ लावावा, या पद्धतीस आज गुणात्मक संशोधन म्हणतात. किती, हा संख्यात्मक संशोधनाचा प्रश्न. कसें, कां आणि त्याचा त्या माणसाला काय अर्थ वाटतो, हा गुणात्मक संशोधनाचा प्रश्न. ही विद्या प्रथम मानववंशशास्त्रानें वाढविली. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्हस्की हा पंडित पॅसिफिक महासागरांतील ट्रोब्रियांड बेटांवर तेथील भाषा शिकून, लोकांच्या वस्तींत तंबू ठोकून राहिला. आणि दुभाष्यामार्फत दोन तास विचारपूस करून परतणाऱ्या प्रवाशाची माहिती किती उथळ असते, हें त्यानें दाखवून दिलें. पुढें समाजशास्त्रानें आणि वैद्यकानें ही रीत उचलली. अर्व्हिंग गॉफमन यानें वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयांत वावरून तेथील रोग्यांचा दिनक्रम जवळून पाहिला आणि १९६१ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. रोग्यांचें जें वागणें वेडाचें लक्षण म्हणून नोंदलें जात असे, त्यांतील पुष्कळसें बंदिस्त जीवनास दिलेलें साधें मानवी उत्तर होतें, असें त्याला दिसून आलें.

या विद्येचा एक जुना दाखला झरी जामणीपासून फार दूर नाहीं. पैनगंगेच्या पलीकडे, त्या वेळच्या निजामाच्या राज्यांत, १९४० सालीं कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखालीं गोंडांचा उठाव झाला व भीम मारले गेले. असंतोषाचें मूळ काय, हें समजून घेण्याची गरज राज्यकर्त्यांस भासली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ त्या काळीं हैदराबाद राज्यांत होते. ते आदिलाबादच्या गोंड वस्त्यांत राहिले, त्यांची भाषा शिकले, आणि जंगलखात्याच्या व सावकाराच्या कागदांत न सांपडणारी जमिनीची हकीकत त्यांनीं लोकांकडून मिळविली. पुढें आदिवासींस जमिनीचे पट्टे देण्याचें काम हातीं घेतलें गेलें, आणि १९४३ सालीं मार्लवाई येथें गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. ऐकणें हें नुसतें पुस्तकांत राहिलें नाहीं. त्यांतून शिक्षक तयार झाले, ही यांतील लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे.

विदर्भांतला अलीकडचा दाखला गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. आदिवासी माणूस आजारी पडूनही रुग्णालयांत कां येत नाहीं, हें त्यांनीं त्या लोकांनाच विचारलें. मोठ्या इमारतींत जीव घुसमटतो, नातलगांना जवळ राहूं देत नाहींत, डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात आणि पांढऱ्या कपड्यांत तर प्रेत गुंडाळतात, अशीं उत्तरें मिळालीं. तेव्हां रुग्णालय झोंपड्यांच्या वस्तीसारखें उभारलें गेलें, रोग्याबरोबर घरच्या माणसांस राहण्याची सोय झाली, आणि लोकांच्याच इच्छेनें त्यास माँ दंतेश्वरीचें नांव मिळालें. खाटा किती व अंतर किती, एवढेंच मोजून हें समजलें नसतें.

आतां अपंगांच्या बाबतींत ही विद्या कशी शिकवावयाची, हें पाहूं. शिक्षणाचा पहिला पाठ प्रश्नाचा. समजा, वाचा व श्रवण यांचें शिक्षण घेतलेली एक तरुणी पोडावर गेली आहे. घरांत आठ वर्षांचा मुलगा आहे आणि उत्तरें त्याची आजी देत आहे. तक्त्यांतील प्रश्न असा : “मुलाला ऐकूं येतें काय?” आजी म्हणते, “नाही जी.” रकाना भरला आणि काम संपलें. आतां तीच तरुणी तक्ता बाजूस ठेवून विचारते, “आजी, नातू दिवसभर काय काय करतो, तें सांगा न.” मग आजी सांगूं लागते : “सकायी मोठ्या भावासंगं बकऱ्या घिऊन जाते जी. मांगून हाक मारली तं पाहात नाही. पन बकरीच्या गयातली घंटी हातानं धरून बसते अन् हासते. भाऊ आश्रमशायेत गेला का मंग घरातून निंघतच नाही.”

आजीच्या या चार वाक्यांत केवढी माहिती आहे! घंटेचा कंप मुलाच्या हाताला कळतो आणि तो त्याला आवडतो. तो काम करूं शकतो. भाऊ हाच त्याचा बाहेरच्या जगाशी दुवा आहे, आणि भावाची शाळा उघडली कीं तो दुवा तुटतो. श्रवणयंत्र द्यावयाचें तर द्यावेंच. पण भावाच्या गैरहजेरींत या मुलाचें काय, हा प्रश्न दुसऱ्या रीतीच्या विचारण्यानेंच उघडा पडला. होय किंवा नाहीं यांत उत्तर संपेल असा प्रश्न कोणता आणि उत्तर वाढूं देणारा प्रश्न कोणता, हा भेद शिक्षणार्थ्यानें पन्नास वेळां प्रयोग करून अंगीं बाणवावा लागतो.

दुसरा पाठ दुभाष्याचा. कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविड कुळांतील स्वतंत्र भाषा आहे. मरे एमेन्यू या अमेरिकेंत काम करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञानें तिच्यावर १९५५ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या तालुक्यांतील कोलाम मराठी बोलतात हें खरें. तथापि दुःख, भय आणि लाज या गोष्टी माणूस बहुधा मायबोलींतच नीट सांगतो. दुभाष्या घेतला तर तो पांच मिनिटांचें उत्तर “नाही म्हणते” एवढ्यावर आणतो. म्हणून दुभाष्यालाही आधीं शिकवावें लागतें : वाक्यें गाळूं नयेत, शब्द सुधारूं नयेत, आणि न कळलेला शब्द जसाच्या तसा उच्चारून दाखवावा. बधिर माणसांच्या बाबतींत तर खाणाखुणांची भाषा जाणणाराच दुभाष्या हवा. दिल्लीस २०१५ सालीं भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व शिक्षण यांसाठीं स्वतंत्र केंद्र निघालें आहे. पण दूरच्या पोडावरील बधिर मुलाच्या खुणा बहुधा घरगुती असतात, आणि त्या समजणारी माणसें त्या घरांतच सांपडतात.

तिसरा पाठ पाहण्याचा. विदर्भांतील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा अनुवंशिक आजार आढळतो, आणि २०१६ च्या कायद्यानें त्याची गणना अपंगत्वांत केली आहे. या रोगानें पीडलेली मुलगी तपासणीच्या दिवशीं धडधाकट दिसूं शकते. वेदनेचा झटका येतो आणि ओसरतो. बाहेरून खूण राहत नाहीं. रक्ताच्या तपासणीनें रोग सिद्ध होतो, परंतु त्या मुलीचें जिणें समजण्यासाठीं तिच्या वर्षाचा पाढाच ऐकावा लागतो. थंडी, पाण्याचा तुटवडा आणि अतिश्रम यांनीं हा झटका उद्भवतो, असें वैद्यक सांगतें. कापूस वेंचणीच्या दिवसांत पिण्याचें पाणी शेतापासून किती दूर असतें, हिवाळ्यांत पहाटे तिच्या अंगावर पांघरूण काय असतें, शाळा कोणत्या महिन्यांत अधिक बुडते, हें विचारणारा कार्यकर्ता तिला नुसता दाखला न देतां कांहीं टळणाऱ्या वेदनाही टाळूं शकेल.

चौथा पाठ लिहिण्याचा आणि निवडण्याचा. ऐकलेलें त्याच दिवशीं, त्याच शब्दांत लिहावें. स्वतःचें मत दुसऱ्या रकान्यांत वेगळें लिहावें. “घरचे लोक बेफिकीर आहेत” ही नोंद नव्हे, हा निकाल आहे. “आई सकाळीं सहाला शेतावर जाते, मुलगी दुपारपर्यंत एकटी असते” ही नोंद. दहा-बारा घरचीं टिपणें जमलीं कीं त्यांतील समान धागे शोधावे, आणि मग आपल्या अनुमानाविरुद्ध जाणारें घर मुद्दाम हुडकावें. लोकांकडूनच वर्गवारी करून घेण्याचीही एक रीत आहे. रोजच्या कामांचीं चित्रें कार्डांवर काढून अपंग माणसापुढें ठेवावीं, आणि “हीं मला जमतात”, “हीं जमत नाहींत” व “हीं जमतात, पण घरचे करूं देत नाहींत” असे तीन ढीग त्याच्याकडून लावून घ्यावे. तिसरा ढीग बोलका असतो. वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक वैद्यक विभागानें मातांच्या समजुती जाणून घेण्यासाठीं अशा रीती वापरल्या आहेत.

येथें एक आक्षेप निघतो, आणि तो रास्त आहे. बारा माणसांच्या कहाण्या ऐकून शास्त्र कसें होईल? उत्तर असें कीं, बारा माणसांवरून तालुक्यांत असे किती, हें सांगतां येत नाहीं, आणि तसें सांगण्याचा आव या पद्धतीनें आणूंही नये. परंतु तिलाही तिची शिस्त आहे. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें कीं, नवीन माणसाच्या बोलण्यांतून नवीन मुद्दा निघेनासा होईपर्यंत शोध थांबवूं नये, आणि सिद्धान्त घरून बांधून नेण्याऐवजीं टिपणांतून वर येऊं द्यावा. एकच गोष्ट माणसाच्या तोंडून, डोळ्यांनीं पाहून आणि कागदपत्रांतून, अशी तिहेरी पडताळून घ्यावी. मोजणें आणि ऐकणें या सवती नव्हेत. ऐकल्यानें योग्य प्रश्न सांपडतो. मोजल्यानें त्याचा पसारा कळतो.

याहून गंभीर प्रश्न नीतीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम सांगतात कीं, संशोधनापूर्वीं समजावून देऊन संमति घ्यावी, आणि माणूस निरक्षर असेल तर निःपक्षपाती साक्षीदार असावा. पण लहान पोडावर नियमाच्याही पलीकडे जावें लागतें. वीस घरांच्या वस्तींत एकच अंध मुलगी असेल, तर अहवालांत तिचें नांव गाळून काय उपयोग? पोडाचें नांव छापलें कीं सर्वांनीं तिला ओळखलेंच. शिवाय, सरपंच, सासू आणि शेजारी यांच्यासमोर विचारलेल्या प्रश्नाला अपंग सुनेनें दिलेलें उत्तर हें तिचें उत्तर नसतें. आणि तीच दुःखाची कहाणी चौथ्या पाहुण्यास सांगूनही पदरीं कांहींच पडलें नाहीं, तर ऐकणें हेंदेखील एक प्रकारचें लुटणें होतें. म्हणून जें ऐकलें त्याचें पुढें काय झालें, हें त्या घरीं परत जाऊन सांगण्याचा पाठ या शिक्षणांत असलाच पाहिजे.

“आम्हांस वगळून आमच्याविषयीं कांहीं नको” ही जगभरच्या अपंग चळवळीची घोषणा आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारांत तिचाच आशय उतरला आहे. भारतानें तो करार २००७ सालीं मान्य केला. त्याचा अर्थ संशोधनापुरता असा कीं, अपंग व्यक्तीनें केवळ उत्तर देणारी न राहतां प्रश्न ठरविणारीही व्हावें. पोडावरील एखादा काठीनें चालणारा तरुण, जो दहावीपर्यंत शिकला आहे आणि कोलामी बोलतो, तो चार महिन्यांच्या शिक्षणानें असा मुलाखतकार होऊं शकेल कीं, शहरांतून आलेल्या पदवीधरास जें आठ फेऱ्यांत कळत नाहीं, तें त्याला पहिल्या फेरींत कळावें.

हें सर्व करण्यासाठीं नवें विद्यापीठ नको. पुनर्वसन परिषदेनें नोंदणी झालेल्या व्यावसायिकांना आपलें ज्ञान वेळोवेळीं ताजें करण्याची अट घातली आहे, आणि त्यासाठीं वर्ग भरतात. त्यांपैकीं कांहीं वर्ग शहरांतील सभागृहाऐवजीं झरी जामणीसारख्या तालुक्यांत भरवावे. दोन दिवस पाठ, चार दिवस घरोघर बसून ऐकणें, आणि दोन दिवस एकमेकांचीं टिपणें कठोरपणें तपासणें, एवढा क्रम पुरे. परीक्षा एकच असावी : ज्या माणसाची मुलाखत घेतली, त्याच्या संमतीनें टिपण त्यालाच त्याच्या भाषेंत वाचून दाखवावें, आणि “हो, हेंच मी सांगितलें” असें त्यानें म्हणावें.

पोडावरची ही गोष्ट शहरांतील सुशिक्षित घरांना परकी वाटावयास नको. ज्या घरीं कमी ऐकूं येणारी आत्या आहे, पक्षाघातानें अडखळत बोलणारे आजोबा आहेत, किंवा हळू शिकणारें मूल आहे, तेथेंही डॉक्टरनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा दुसरेंच कोणी देतें, आणि तें प्रेमापोटींच देतें. पुढच्या वेळीं अशा माणसास कोणी कांहीं विचारलें, तर घरच्यांनीं थोडा वेळ गप्प रहावें. उत्तर येण्यास कदाचित् पांच मिनिटें लागतील. तेवढा वेळ त्या माणसाचा आहे.